उपकरणे झोपवण्याचा आणि उठवण्याचा क्रम: कर्नलला अवलंबित्व कसे सांगावे

डिचोलीहून आलेल्या तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. खाजन शेतीच्या (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीच्या) बांधावर, मानशीजवळ (पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांजवळ), भरती-ओहोटीच्या पाण्याची पातळी मोजणारे सौरऊर्जेवरचे एक यंत्र तुम्ही तयार केले आहे. घड्याळाची चिप दर दहा मिनिटांनी त्याला उठवते, ते पातळी मोजते, यूएसबी मोडेमवरून आकडा पाठवते आणि पुन्हा झोपते. पातळीचा सेन्सर पहिल्या आयटूसी बसवर, म्हणजे चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर, आहे. त्याची वीज मात्र दुसऱ्या आयटूसी बसवरच्या जीपीआयओ एक्स्पांडरच्या (चालू-बंद करता येणाऱ्या जादा पिना देणाऱ्या चिपच्या) एका पिनेने चालू-बंद होते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चिपविक्रेत्याने दिलेला ४.१९ आहे. शंभर वेळा उठवले तर वीसेक वेळा सेन्सर उत्तर देत नाही आणि लॉगमध्ये उणे १२१ ही त्रुटी उमटते. ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या कोडच्या) रिझ्युममध्ये, म्हणजे उठवण्याच्या फंक्शनमध्ये, ५०० मिलिसेकंद थांबल्यावर हे प्रमाण दोन-तीनवर आले, पण सगळे काम ‘नोआयआरक्यू’ या, म्हणजे उपकरणांचे इंटरप्ट (लक्ष वेधणारे इशारे) बंद असतानाच्या, टप्प्यात हलवल्यावर सेन्सर दर वेळी बंद राहू लागला आणि त्रुटी उणे ११० झाली. आपल्या ड्रायव्हरला क्रमात मागे ढकलण्यासाठी एखादा प्राधान्यक्रमांक देता येतो का, असे तुम्ही विचारले आहे.

असा क्रमांक लिनक्स कर्नलमध्ये नाही, आणि तो असावा असेही मला वाटत नाही. ज्या ज्या ठिकाणी आकड्यांनी क्रम लावलेला मी पाहिला, तिथे काही वर्षांत प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा मोठा आकडा टाकत गेला आणि कोणता आकडा का टाकला हे सांगणारा कोणी उरला नाही. तुमचा सेन्सर एक्स्पांडरवर अवलंबून आहे हे तुम्हाला माहीत आहे, सर्किटच्या आराखड्यावर ते स्पष्ट दिसते, पण कर्नलला ते कुणीच सांगितलेले नाही. ही खरी अडचण आहे. अवलंबित्व एकदा नोंदवले की क्रम कर्नल स्वतः लावतो; ते न नोंदवता क्रम जुळवत बसलात तर प्रत्येक नव्या बिल्डबरोबर तो पुन्हा जुळवावा लागेल.

हे पटण्यासाठी कर्नल क्रम कसा ठरवतो ते थोडे सविस्तर पाहावे लागेल. कोणतेही उपकरण नोंदले जाते तेव्हा ते एका लांब यादीच्या शेवटी जोडले जाते. कर्नलच्या कोडमध्ये या यादीचे नाव ‘डीपीएम लिस्ट’ असे आहे. झोपवताना ही यादी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली जाते आणि उठवताना सुरुवातीकडून शेवटाकडे. बसचा कंट्रोलर नोंदला गेल्याशिवाय त्या बसवरच्या चिपा नोंदता येत नाहीत, त्यामुळे पालक नेहमी अपत्याच्या आधी यादीत येतो. म्हणून झोपताना अपत्ये आधी आणि पालक नंतर, तर उठताना पालक आधी आणि अपत्ये नंतर, हा नियम आपोआप पाळला जातो. चतुर्थीला माटोळी बांधताना आधी लाकडी चौकट टांगतात आणि मग तिला फळे बांधतात, उतरवताना आधी फळे सुटतात आणि शेवटी चौकट खाली येते. ही यादी तेवढेच करते. ‘प्रिपेअर’ हा अगदी पहिला टप्पा मात्र उलट दिशेने, म्हणजे पालकाकडून अपत्याकडे जातो, कारण झोपण्याची तयारी चालू असताना कोणत्याही पालकाखाली नवे अपत्य नोंदले जाऊ नये, हा त्याचा हेतू असतो.

यादी नोंदणीच्या क्रमावर उभी असते आणि नोंदणी उपकरणांच्या झाडावर, पण कोण कोणाच्या बसवर बसले आहे एवढेच ते झाड सांगते. कोण कोणाला वीज देतो, कोण कोणाचे क्लॉक चालवतो, कोणाची रिसेट पिन कोणाच्या हातात आहे, हे झाडात नसते. तुमच्या बोर्डावर सेन्सरचा पालक पहिली बस आहे आणि एक्स्पांडरचा पालक दुसरी. झाडाच्या दृष्टीने त्या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पहिली बस आधी नोंदली गेली तर यादीत पहिली बस, सेन्सर, दुसरी बस, एक्स्पांडर असा क्रम लागतो, आणि उठताना सेन्सरची पाळी एक्स्पांडरच्या आधी येते. कर्नलच्या नियमांनुसार इथे काहीच चुकलेले नसते.

ही अडचण केवळ छोट्या बोर्डांपुरती आहे असे समजू नका. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डावर एचडीएमआयचा आवाज हाताळणारा भाग पीसीआयच्या झाडात ग्राफिक्स भागाचा भाऊ म्हणून दिसतो, मूल म्हणून नव्हे. तरीही कार्डाची वीज गेली की आवाजाचा भागही जातो, आणि म्हणून त्या दोघांमधला संबंध कर्नलला वेगळा सांगावा लागला. थंडरबोल्टमध्ये बोगद्यातून जाणाऱ्या पीसीआय पुलांना त्यांच्या शेजारी बसलेल्या कंट्रोलरची वाट पाहावी लागते, कारण तो कंट्रोलर जागा होऊन बोगदा पुन्हा बांधेपर्यंत पुलापलीकडे काहीच नसते. फ्रीबीएसडीची व्यवस्थाही मुख्यतः बसच्या झाडावरून चालते. ॲपलच्या आयओकिटमध्ये मात्र सेवांचे आणि विजेचे असे दोन वेगळे आलेख सुरुवातीपासून ठेवलेले आहेत, आणि हा विचार मला फार योग्य वाटतो. लिनक्समध्ये तो नंतर, वेगळ्या वाटेने आला. त्याकडे वळण्यापूर्वी तुमच्या आकड्यांचा अर्थ लावू या.

क्रम चुकीचा असू शकतो हे मान्य केले तरी शंभरात वीसच वेळा का बिघडते? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण याद्या एका बूटपुरत्या सहसा स्थिर असतात. नुसता यादीचा क्रम चुकला असता तर एका बूटमध्ये सेन्सर प्रत्येक वेळी बंद राहिला असता आणि दुसऱ्या बूटमध्ये कदाचित एकदाही नाही. एकाच बूटमध्ये कधी होते आणि कधी होत नाही, याचा अर्थ दोन गोष्टींची शर्यत चालू आहे. तुम्ही पाठवलेल्या ड्रायव्हरमध्ये ‘डिव्हाइस एनेबल असिंक सस्पेंड’ ही एक ओळ आहे; जागे होण्याचा वेळ वाचावा म्हणून ती घातल्याचे तुम्ही लिहिले आहे. ही सोय २.६.३४ पासून, म्हणजे २०१० पासून कर्नलमध्ये आहे. ती चालू असलेल्या उपकरणाचे काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याकडे, दिले जाते आणि तो थ्रेड यादीतल्या जागेकडे बघत नाही. झोपताना तो फक्त स्वतःच्या अपत्यांसाठी थांबतो आणि उठताना फक्त स्वतःच्या पालकासाठी. तुमच्या कर्नलमध्ये उठताना अशी सगळी समांतर कामे आधी सोडली जातात आणि बाकीची यादी मुख्य थ्रेड एकेक करून पुरी करतो. पहिली बस जागी झाली की तुमचा सेन्सर लगेच धावतो, आणि त्याच वेळी मुख्य थ्रेड दुसऱ्या बसकडे व एक्स्पांडरकडे जात असतो. मध्ये यूएसबी आणि साठवणीची चिप यांची कामे आहेत, ज्यांना कधी कमी आणि कधी जास्त वेळ लागतो. तुमचे वीस टक्के तिथून येतात.

तुमचा ५०० मिलिसेकंदांचा प्रयोग याच निष्कर्षाला बळ देतो, आणि तो तुम्ही लिहून पाठवलात याबद्दल मी आभारी आहे. सगळी उपकरणे एकाच थ्रेडमध्ये एकामागून एक उठत असती, तर सेन्सरच्या रिझ्युममध्ये थांबल्याने एक्स्पांडरही तेवढाच उशिरा उठला असता आणि थांबण्याचा काही उपयोग झाला नसता. तो झाला, याचा अर्थ तुम्ही थांबलेले असताना दुसरा कोणी पुढे जात होता. याला अपवाद एकच: सेन्सरची वीज चालू होऊन स्थिर व्हायलाच वेळ लागत असेल, तर एकाच थ्रेडमध्येही थांबण्याने फरक पडतो. दोहोंपैकी काय खरे ते पाच मिनिटांत कळेल. ‘सिस’मधल्या ‘पॉवर’ या फोल्डरात ‘पीएम असिंक’ नावाची फाइल आहे; तिच्यात शून्य लिहा, थांबण्याची ओळ काढा आणि वीस वेळा उठवून पाहा. प्रत्येक वेळी बिघडले किंवा एकदाही बिघडले नाही, तर क्रमाचा प्रश्न आहे. बिघाड तरीही अधूनमधून होत राहिला, तर सेन्सरच्या माहितीपत्रकातला वीज स्थिरावण्याचा वेळ आधी तपासा.

शून्य लिहिल्यावर एकदाही बिघडले नाही म्हणून ते तसेच ठेवून द्यावे, असा मोह होईल. मला त्या मोहाबद्दल स्वानुभवाने सांगायचे आहे. यादीत तुमचा सेन्सर योग्य जागी कसा पोचतो ते पाहा. प्रोब करताना, म्हणजे उपकरण पहिल्यांदा हाती घेताना, ड्रायव्हरला एक्स्पांडर सापडला नाही तर तो उणे ५१७ परत करतो, म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर बोलवा’. ही सोय २०१२ साली ३.४ मध्ये आली. कर्नल अशा उपकरणाला नंतर पुन्हा बोलावतो आणि त्याच वेळी त्याला यादीच्या शेवटी नेऊन ठेवतो, त्यामुळे क्रम आपोआप बरोबर होतो. पण तोच ड्रायव्हर मोड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेरच्या वेगळ्या फाइलीतून, उशिरा चढला आणि तोपर्यंत एक्स्पांडर तयार असला, तर त्याला परत पाठवण्याची वेळच येत नाही, उपकरण यादीतल्या जुन्या, पुढच्या जागीच राहते, आणि क्रम चुकतो. म्हणजे बूट होताना जे बिनचूक चालले तेच झोपताना-उठताना बिघडते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका हातात धरायच्या यंत्रावर काम करत असताना आम्ही टचस्क्रीनची अशीच अडचण मेकफाइलमधल्या (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीतल्या) दोन बस-ड्रायव्हरांच्या ओळींची अदलाबदल करून सोडवली होती. एकाच पातळीवरचे ड्रायव्हर जोडणीच्या क्रमाने सुरू होतात, त्यामुळे बसांच्या नोंदणीचा क्रम बदलला आणि टचस्क्रीन उठू लागला. दोन वर्षे सगळे सुरळीत चालले. मग कुणीतरी त्यांपैकी एक ड्रायव्हर मोड्यूल केला, आणि ग्राहकांच्या हातातली यंत्रे उठल्यावर बोटाला प्रतिसाद देईनाशी झाली. त्या दोन ओळींजवळ कारण सांगणारी टीप नव्हती; मूळ शोधायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून क्रम योगायोगाने जुळलेला दिसला की मी तो बिघाडच मानतो.

आता ‘नोआयआरक्यू’ टप्प्याबद्दल. झोपताना ‘प्रिपेअर’, ‘सस्पेंड’, ‘सस्पेंड लेट’ आणि ‘सस्पेंड नोआयआरक्यू’ असे टप्पे येतात आणि उठताना त्यांच्या उलट. एक टप्पा सगळ्या उपकरणांसाठी पुरा झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. यामुळे पुष्कळांना वाटते की टप्पा बदलणे म्हणजे क्रम बदलणे. पण उठताना ‘नोआयआरक्यू’ हा सर्वांत आधीचा टप्पा असतो आणि त्या वेळी उपकरणांचे इंटरप्ट बंद असतात. तुमच्या आयटूसी कंट्रोलरचा ड्रायव्हर इंटरप्टची वाट पाहून बाइट पाठवत असेल, तर तो इंटरप्ट तिथे येणारच नाही, मुदत संपेल आणि उणे ११० मिळेल. तुम्हाला नेमके हेच मिळाले. तुम्ही सेन्सरला मागे ढकलायला निघालात आणि तो सर्वांच्या पुढे जाऊन बसला. शिवाय ‘लेट’ टप्प्यापासून कर्नल उपकरणांचे रनटाइम पॉवर मॅनेजमेंट (यंत्र जागे असतानाही न लागणारी उपकरणे झोपवण्याची सोय) बंद ठेवतो, त्यामुळे त्या टप्प्यांत रनटाइमच्या फंक्शनने दुसऱ्या कोणाला उठवण्याची आशाही धरू नये. टप्पे हे कामाच्या स्वरूपासाठी आहेत: इंटरप्ट बंद असतानाच करायला हवे असे काम ‘नोआयआरक्यू’मध्ये जाते, बाकीचे साध्या ‘सस्पेंड’ आणि ‘रिझ्युम’मध्ये. सेन्सरसारख्या टोकाच्या उपकरणाची जागा साध्या टप्प्यातच आहे.

तुमच्या ड्रायव्हरमधली आणखी एक गोष्ट मला खटकली, आणि तीच सर्वांत जास्त वेळ खाते. विजेच्या पिनेसाठी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडले आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत; वर म्हटलेले झाड वेगळे) तुम्ही ४९३ असा नुसता आकडा लिहिला आहे. हा आकडा कर्नलने बूटच्या वेळी वाटलेला असतो. दुसरा एखादा जीपीआयओ कंट्रोलर आधी नोंदला गेला तर तो बदलू शकतो. त्याहून मोठे नुकसान असे की, आकड्यावरून सेन्सरचा एक्स्पांडरशी संबंध आहे हे डिव्हाइस ट्री वाचणाऱ्या कोणालाही, कर्नललाही, कळत नाही. त्यातच पिनेची किंमत ठरवणारे फंक्शन तुमच्या कर्नलमध्ये काहीही परत करत नाही. दुसरी बस झोपलेली असताना तुम्ही पिन चालू केलीत, तर लेखन फसते आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ता लागत नाही. एक्स्पांडरांचे काही ड्रायव्हर झोपेत आलेले लेखन मेमरीतल्या नकलेत ठेवतात आणि स्वतः उठल्यावर चिपवर उतरवतात. तिथे तर लेखन यशस्वी ठरते, पण सेन्सरपर्यंत वीज पोचलेली नसते. तुमचा उणे १२१ हा त्या वीज न मिळालेल्या सेन्सरचा आहे. त्रुटी पहिल्या बसवर दिसते, पण तिचे मूळ दुसऱ्या बसवर असते. म्हणून तुम्ही पहिल्या बसवर ऑसिलोस्कोप लावून दोन दिवस घालवलेत, यात तुमचा दोष नाही.

उपाय सांगतो. कर्नल ४.१० पासून, म्हणजे २०१७ च्या आरंभापासून, रफाएल वायसोत्स्की यांनी आणलेली ‘डिव्हाइस लिंक’ ही सोय उपलब्ध आहे, तुमच्या ४.१९ मध्ये ती नक्की आहे. लिंकला दोन टोके असतात, देणारा आणि घेणारा. तुमच्या बाबतीत एक्स्पांडर देणारा आणि सेन्सर घेणारा. लिंक जोडताच कर्नल घेणाऱ्याला, त्याच्या अपत्यांसह आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या इतरांसह, यादीच्या शेवटी नेतो. मोड्यूल केव्हा चढला याने मग फरक पडत नाही. दुसरा परिणाम तुमच्यासाठी अधिक मोलाचा आहे: समांतर मार्गावरही, झोपताना देणारा घेणाऱ्याची वाट पाहतो आणि उठताना घेणारा देणाऱ्याची, जशी अपत्य पालकाची पाहते. त्यामुळे वेळ वाचवणारी ती ओळ तुम्हाला काढावी लागणार नाही.

प्रत्यक्षात असे करा. डिव्हाइस ट्रीमध्ये आकड्याच्या जागी ‘पॉवर-जीपीआयओज’ अशा नावाने एक्स्पांडरचा खरा संदर्भ आणि पिनेचा क्रमांक द्या. प्रोबमध्ये त्या पिनेचा डिस्क्रिप्टर (पिन हाताळण्यासाठी कर्नल देतो ते हँडल) मागा. तो मिळाला नाही आणि उणे ५१७ आले तर तेच परत करा, दुसऱ्या कोणत्याही त्रुटीत त्याचे रूपांतर करू नका. डिस्क्रिप्टर मिळाला की त्याच्या चिपचा पालक म्हणजे एक्स्पांडरचे उपकरण. ते देणारा म्हणून आणि सेन्सर घेणारा म्हणून ‘डिव्हाइस लिंक ॲड’ हे फंक्शन वापरा. सोबत ‘ऑटोरिमूव्ह कन्झ्युमर’ हा फ्लॅग द्या, म्हणजे सेन्सरचा ड्रायव्हर सुटताना लिंक आपोआप निघेल. रनटाइमचा फ्लॅग एक्स्पांडर स्वतः रनटाइममध्ये झोपत असेल तरच द्या. तुमच्या वर्णनावरून तसे दिसत नाही. परत आलेले मूल्य रिकामे आहे का ते अवश्य तपासा, कारण लिंकमुळे चक्र तयार होत असेल, म्हणजे देणारा कोणत्याही वळणाने घेणाऱ्यावरच अवलंबून असेल, तर कर्नल ती नाकारतो. तुमच्या बोर्डावर असे चक्र मला दिसत नाही. मग ५०० मिलिसेकंदांची ओळ काढून टाका आणि माहितीपत्रकात दिलेला स्थिरावण्याचा वेळ तेवढा ठेवा. ‘नोआयआरक्यू’मध्ये हलवलेले काम परत साध्या टप्प्यात आणा.

आतापर्यंतचे थोडक्यात: यादी नोंदणीवर चालते, नोंदणीला वीज दिसत नाही, समांतर मार्गाने ती उणीव उघडी पडली, आणि लिंक ती भरून काढते. काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत.

पहिली गोष्ट अशी की, झोपेत एक्स्पांडरची स्वतःची वीज जाते का? जात असेल तर उठल्यावर त्याच्या पिना मूळ अवस्थेत, बहुधा इनपुट म्हणून येतील, आणि त्याच्या ड्रायव्हरने रिझ्युममध्ये रजिस्टरे (चिपमधल्या मांडणीच्या नोंदी) पुन्हा भरली नाहीत तर लिंक असूनही सेन्सरला वीज मिळणार नाही. विक्रेत्याच्या कर्नलमध्ये त्या ड्रायव्हरला रिझ्युम आहे का, ते उघडून पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी धोक्याच्या रेषेवर गेल्यास यंत्राला अवेळी उठवणारा तरंगता स्विच, जो त्याच एक्स्पांडरच्या इंटरप्टवर असल्याचे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. इथे सावध राहा. उठताना ‘नोआयआरक्यू’ टप्पा संपताच, साध्या रिझ्युमच्या बरेच आधी, इंटरप्ट पुन्हा चालू होतात. एक्स्पांडरचा इंटरप्ट हाताळणारा थ्रेड लगेच आयटूसीवरून रजिस्टर वाचायला जातो, आणि कंट्रोलर साध्या टप्प्यात उठणारा असेल तर तो अजून झोपलेला असतो. अलीकडच्या कर्नलांत अशा वेळी ‘ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड’ असा इशारा लॉगमध्ये येतो. याच कारणाने अनेक आयटूसी कंट्रोलरांचे ड्रायव्हर आपले झोपणे-उठणे ‘नोआयआरक्यू’मध्ये ठेवतात; त्यांच्यासाठी ती जागा योग्य आहे, कारण ते सर्वांचे पालक आहेत. तुमचा कंट्रोलर तसे करत नसेल तर स्विचचा प्रश्न लिंकने सुटणार नाही, कंट्रोलरचा ड्रायव्हर दुरुस्त करावा लागेल. स्विचच्या इंटरप्टला जागे करण्याची परवानगी दिल्यावर ती एक्स्पांडरच्या मूळ इंटरप्टपर्यंत पोचते की नाही, तेही पाहा.

तिसरी गोष्ट कर्नलच्या आवृत्तीची. पुढे तुम्ही ५.१३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर गेलात तर यातले बरेच काम ‘एफडब्ल्यू डेव्हलिंक’ करील. डिव्हाइस ट्रीमधले क्लॉकचे, इंटरप्टचे, वीजपुरवठ्याचे आणि जीपीआयओचे संदर्भ वाचून तो लिंका स्वतः तयार करतो, आणि २०२१ मधल्या त्या आवृत्तीपासून तो मुळातच चालू असतो. पण तो संदर्भ वाचतो, आकडे नाही. तुमचा ४९३ त्याच्यासाठी निरर्थक आहे. तिथे गेल्यावर मी एक पाऊल पुढे जाऊन सेन्सरची वीज ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ (ठरावीक व्होल्टेजचा वीजपुरवठा) म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये मांडीन, स्थिरावण्याचा वेळही तिथेच लिहीन आणि ड्रायव्हरमधून पिनेचा उल्लेख काढून टाकीन. ४.१९ वर मात्र हे सुचवत नाही, कारण सेन्सर, रेग्युलेटर आणि एक्स्पांडर या साखळीतल्या दोन्ही कड्या तिथे तुम्हालाच जोडाव्या लागतील, आणि एक जरी सुटली तरी पुन्हा आजच्याच जागी याल.

आता चाचणी. पातळीसारखी गोष्ट मोजणारे यंत्र बांधावर ठेवल्यावर भर पावसात तिथे जाऊन लॅपटॉप जोडणे किती अवघड असते हे गोव्यात कोणाला सांगायला नको, म्हणून ही चाचणी टेबलावरच पुरी करा. बूटच्या ओळीत ‘नो कन्सोल सस्पेंड’ घाला आणि ‘पीएम प्रिंट टाइम्स’ या फाइलमध्ये एक लिहा. प्रत्येक उपकरणाचे काम केव्हा सुरू झाले, केव्हा संपले आणि त्याचा पालक कोण, हे कन्सोलवर उमटेल. ‘पीएम टेस्ट’मध्ये ‘डिव्हाइसेस’ लिहिले तर यंत्र खरे न झोपता उपकरणे झोपवते, काही सेकंद थांबते आणि उठवते. ड्रायव्हरचा कोड तपासायला ते सोयीचे आहे, पण त्यात एक्स्पांडरची वीज जात नाही, म्हणून शेवटची चाचणी ‘आरटीसीवेक’ या, घड्याळाने उठवणाऱ्या आज्ञेने खरोखर झोपवूनच करा. किमान पाचशे वेळा तरी करा. तुमच्या आजच्या दोन-तीन टक्क्यांचा बिघाड वीस वेळांत सहज निसटेल.

मी जिच्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवतो ती चाचणी वेगळी आहे. एक्स्पांडरच्या रिझ्युममध्ये, सेन्सरच्या नव्हे, मुद्दाम पूर्ण एक सेकंद थांबा आणि ‘पीएम असिंक’ चालू ठेवा. लिंक नसताना असे केले तर सेन्सर जवळजवळ दर वेळी बंद राहील. ते आधी पाहून घ्या, म्हणजे बिघाड तुमच्या ताब्यात आहे याची खात्री होईल. मग लिंक घालून तीच चाचणी करा. सेन्सरच्या कामाची ओळ कन्सोलवर एक्स्पांडरचे काम संपल्याच्या ओळीनंतर सरकलेली दिसली पाहिजे. अशा शंभर फेऱ्या नीट गेल्या की तो सेकंद काढा. मग मोड्यूल उशिरा चढवून आणि कर्नलमध्येच बांधून, अशा दोन्ही प्रकारांनी चाचणी पुन्हा करा, कारण यादीतली जागा त्या दोहोंत वेगळी असते.

यानंतरही बिघाड राहिला, तर कन्सोलचा अशा दोन फेऱ्यांचा मजकूर इथे द्या, एक यशस्वी आणि एक फसलेली. त्यासोबत डिव्हाइस ट्रीमधला दोन्ही बसांचा भाग आणि एक्स्पांडरच्या ड्रायव्हरचे झोपण्या-उठण्याचे फंक्शन जोडा. सेन्सरचा ड्रायव्हर पुन्हा पाठवण्याची गरज नाही. तो मी वाचला आहे आणि त्यातली मोजमापाची बाजू चांगली लिहिली आहे.